पंडिता रमाबाईंचें ‘पाताळ’ आणि वऱ्हाडचा कापूस

पंडिता रमाबाई यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस प्रसिद्ध झाला. २००३ सालीं त्याचीं दोन स्वतंत्र इंग्रजी भाषांतरें निघालीं. पण आमच्या संग्राहकमंडळींच्या कपाटांत मूळ मराठी ग्रंथ क्वचितच आढळतो. याचीं कारणें दोन. बखर, महजर व मोडी रुमाल यांच्या शोधांत गढलेल्या आम्हां लोकांस छापील पुस्तक हें इतिहासाचें साधन वाटत नाहीं, हें पहिलें. बाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यापासून त्यांच्या लेखनाचें मोजमाप गुणदोषांवरून न होतां पक्षावरून होत आलें, हें दुसरें. दोन्ही कारणें आम्हांस लंगडीं वाटतात. म्हणून हें परीक्षण.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास हजर राहावें एवढ्याच हेतूनें बाई १८८६ च्या आरंभीं लिव्हरपुलाहून फिलाडेल्फियास गेल्या. तो समारंभ ११ मार्च १८८६ रोजीं झाला. थोड्या दिवसांचा बेत जवळजवळ तीन वर्षांवर गेला. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या साह्यार्थ मंडळी स्थापन झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. दोन्ही घटनांची तिथि एकच, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

ग्रंथाचीं प्रकरणें आठ. राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिति, व्यापारउद्योग असा त्यांचा विस्तार आहे. अमेरिकेस बाई जुन्या समजुतीस अनुसरून ‘पाताळ’ म्हणतात. पुराणांतरीं पाताळें सात आणि तीं भूमीच्या खालीं. पृथ्वी गोल ठरल्यावर पायांखालचा देश म्हणून हें नांव अमेरिकेस आपोआप लागू पडलें. शास्त्रें पढलेल्या बाईंस या शब्दांतील गंमत कळत नव्हती असें कोण म्हणेल? पाताळांत जाऊन त्यांनीं तेथील माणसें पाहिलीं आणि आपल्याच घराचा दोष दाखविला. काळ्या लोकांची गुलामगिरी व मूळच्या रहिवाशांवरील जुलूम यांविषयीं त्या स्पष्ट लिहितात. केवळ स्तुतिपाठकाचें हें काम नव्हे.

आतां दोष. ज्या घरीं बाई उतरल्या तीं बहुधा सुशिक्षित, धर्मशील मध्यम वर्गाचीं होतीं. त्यांच्या सभेंत जें ऐकूं येतें तें ग्रंथांत ठळक उतरलें आहे. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाचा गौरव हें त्याचें उदाहरण. पण आठ प्रकरणांच्या शीर्षकांत मजुराचें नांव नाहीं, बोटीच्या तळमजल्यांतून येणाऱ्या परदेशी वसाहतवाल्याचेंही नाहीं. बाई तेथें असतांनाच, १८८६ च्या मे महिन्यांत, शिकागोस आठ तासांच्या दिवसासाठीं चाललेल्या चळवळींत रक्त सांडलें. चिनी मजुरांस दार बंद करणारा कायदा त्यापूर्वींच, १८८२ सालीं झाला होता. पुढें २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कच्या एका कपडेशिलाईच्या कारखान्यास आग लागून १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक इटालियन व यहुदी आगंतुकांच्या तरुण मुली होत्या. स्त्रियांस मताचा हक्क १९२० सालीं मिळाला. त्याच सालीं अंमलांत आलेली दारूबंदी १९३३ सालीं उठवावी लागली. तेव्हां संघाच्या दोन मनोरथांपैकीं एक टिकला, एक कोसळला. हें भविष्य बाईंनीं सांगावयास हवें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. सुधारणा ही संस्थांच्या अहवालांत दिसते, तिचा खर्च कारखान्याच्या दारांत दिसतो, एवढेंच वाचकानें ध्यानीं ठेवावें.

या खर्चाचा एक हिशेब आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतही आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरें अडलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना थंडावल्या. वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो भाव उतरला. पण कापसाच्या वाटा बांधण्याचें काम थांबलें नाहीं. १८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडीचा फांटा नेला तो कापसासाठींच. (खामगांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होतें, तें १९०५ सालीं आमच्याकडे आलें.) ज्वारीच्या रानांत कापूस शिरला, शेतकऱ्याचें दैव लिव्हरपुलाच्या भावाशीं बांधलें गेलें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याचें फळ आमच्या पणज्यांनीं भोगलें. अमेरिकेचा कापूस तिच्याच मॅसॅच्युसेट्समधील गिरण्यांतही विणला गेला. आमचा मात्र गांठी बांधून समुद्रापार गेला. बाईंच्या व्यापारउद्योगाच्या प्रकरणाशेजारीं हा ताळेबंद ठेवून वाचलें म्हणजे ‘पाताळ’ आपल्या पायांखालीं किती जवळ होतें हें उमगतें.

आम्ही अनेक वर्षें वर्गांत अमेरिकेची यादवी सनावळीप्रमाणें शिकविली. खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असत. त्यांचा आणि फळ्यावरील सनाचा संबंध मुलांस सांगण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. ही आमची चूक येथें नोंदवून ठेवितों.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. या ग्रंथाची मूळ प्रत जेथें सांपडेल तेथें ती जतन करावी. जुना कागद हात लागतांच तुटतो, तेव्हां तिची प्रतिमा आधीं घ्यावी. आणि त्याच कपाटांत खामगांव, मलकापूर, नांदुरा येथील अडत्यांच्या रोजमेळ-खतावण्यांस जागा द्यावी. ताम्रपटास जो मान आपण देतों तो या वह्यांस देत नाहीं, आणि त्या रद्दीच्या भावानें जातात. एकीनें सुधारणेचा जमा लिहिला. नांवें लिहिलेली बाजू या वह्यांत आहे. दोन्ही बाजू जुळविल्याखेरीज खातें पुरें होत नाहीं.