दमणचे सागवान, तेजोचा काठ

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार हे जितके कारागिराचे काम आहे तितकेच ते टीकाकाराचेही आहे. जीर्ण पोथीची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकास अनेक पाठांतून एक पाठ प्रमाण मानून बाकीचे तळटीपांत ढकलावे लागतात. तद्वत जीर्णोद्धारकासही वस्तूच्या दीर्घ आयुष्यातील एक काळ निवडून इतर काळांच्या खुणा पुसाव्या लागतात. म्हणून अशा वस्तूपुढे उभे राहिल्यावर केवळ ‘किती देखणी!’ असे म्हणून भागत नाही. कोणता पाठ स्वीकारला आणि कोणता गाळला, हे विचारणे प्राप्त ठरते. लिस्बनसमोर तेजो नदीच्या दक्षिण तीरावर, काशिल्हश येथील कोरड्या गोदीत उभी असलेली ‘दों फेर्नांदु सेगुंदु इ ग्लोरिया’ ही फ्रिगेट या विचारास उत्तम विषय पुरविते. गोमंतकीयांस तर तो परका नाहीच. कारण ही नौका दमणात घडली आणि तिचे शिडाचे साज गोव्यात चढले.

२२ ऑक्टोबर १८४३ रोजी ती दमणच्या बंदरात पाण्यात उतरली. पोर्तुगालने हिंदुस्थानात बांधून घेतलेली ही अखेरची शिडाची युद्धनौका. नावातला फेर्नांदु हा राणी दुसऱ्या मारियेचा पती. ‘ग्लोरिया’ हे राणीच्या नावातले पद असले तरी गोव्यातील ख्रिस्ती भाविकांना प्रिय असलेल्या ‘ग्लोरिया’ मातेचेही स्मरण त्यात आहे. बांधणीवर देखरेख जील जुझे द कोंसैसांव या नौदलातील बांधकाम-अधिकाऱ्याची, आणि मुख्य कारागीर यादो सेमोजी. लाकूड नगर हवेलीच्या रानातील सागवान.

या सागवानापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. मराठी आरमाराच्या हातून १७७२ साली ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज फ्रिगेटची जी हानी झाली, तिच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहास अनुसरून पेशव्यांनी नगर हवेलीचा मुलूख तोडून दिला. १७८३ मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. एका फ्रिगेटच्या मोबदल्यात गेलेल्या भूमीने साठ वर्षांनी दुसऱ्या फ्रिगेटला लाकूड पुरविले! इतिहासाला उपरोधाची हौस असते असे म्हणतात, ते खोटे नाही.

लिस्बनच्या धक्क्यावरून होडीने नदी ओलांडली की अल्पावधीतच तिच्या तीन डोलकाठ्या दिसू लागतात, आणि एक दिवस तिच्या सहवासात कसा जातो ते कळत नाही. कोरड्या गोदीत असल्यामुळे, तरंगत्या जहाजाचा जो भाग कधीच दृष्टीस पडत नाही तो पाण्याखालचा पोटाचा घाटही येथे पाहावयास मिळतो. आणि तो घाट पाहिल्यावर दमणच्या सुतारांच्या हाताविषयी वेगळे प्रशस्तिपत्र नको वाटते. आत ५० तोफांची रचना, ठेंगणी छते, कप्तानाची खोली आणि खलाशांची दाटी यांतील अंतर, हे सारे नेटकेपणाने मांडले आहे. जहाजावरील जीवन मनुष्याकृती पुतळ्यांच्या साह्याने दाखविले आहे. परंतु त्यात भडकपणा नाही. प्रसंगी ३७९ माणसे या लाकडी पोटात महिनोन्‌महिने राहत, हे ओणव्याने चालताना पाठीच्या कण्यालाच समजते. कारागिरी म्हणून हे काम निःसंशय पहिल्या प्रतीचे आहे. १९९८ साली त्याला आंतरराष्ट्रीय सागरी वारशाचे पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होय.

आता संपादकाच्या निवडीकडे वळू. १८४५ ते १८७८ या ३३ वर्षांत या नौकेने लाखाहून अधिक सागरी मैल तोडले. सैनिक, अधिकारी आणि हद्दपार कैदी वाहिले. १८६५ पासून ती तोफखान्याची शाळा झाली. १९४० नंतर तिचे तिसरे आयुष्य सुरू झाले. गोरगरिबांच्या मुलांना आसरा व सागरी शिक्षण देणारी ती तरंगती शाळा बनली. ३ एप्रिल १९६३ रोजी आगीने ते आयुष्य संपविले, आणि उरलेला सांगाडा २९ वर्षे तेजोच्या चिखलात रुतून राहिला. १९९२ मध्ये तो वर काढून पुढील सहा वर्षांत नौका पुन्हा उभी करण्यात आली, ती १८५० च्या दशकातील रूपात.

अर्धजळका सांगाडा प्रेक्षकांपुढे ठेवता येत नाही, हे मान्य. कोणता तरी एक काळ निवडणे अपरिहार्यच होते. परंतु १८५० चे रूप प्रमाण मानले की कप्तानाची खोली मजकुरात येते आणि अनाथ पोरांची शाळा तळटीपेत जाते. आग ही घटना न राहता केवळ दुरुस्त केलेला दोष उरते. साम्राज्याच्या सेवेत गेलेली वर्षे चकचकीत होतात, आणि त्या नौकेने ज्या काळात निःसंशय सत्कार्य केले तो काळ अंधुक होतो. हा दोष सुतारांचा नाही, दृष्टीचा आहे.

या दृष्टीचे मूळही लपलेले नाही. जीर्णोद्धारात नौदलाच्या जोडीला पोर्तुगीज ‘शोधां’च्या स्मरणोत्सवाची राष्ट्रीय समिती होती, आणि पूर्ण झालेली नौका प्रथम झळकली ती १९९८ च्या लिस्बन येथील जागतिक प्रदर्शनात, म्हणजे वास्को द गामाच्या आगमनाच्या पाचशेव्या वर्षी. १४९८ च्या उत्सवात १८४३ ची नौका! ती पाण्यात उतरली त्याच वर्षी इंग्लंडात ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी, पंख्याने चालणारे आगजहाज उतरले होते. म्हणजे ही फ्रिगेट एका युगाची नांदी नसून भरतवाक्य आहे. शोधाच्या झेंड्याखाली तिला उभे करणे म्हणजे पाचव्या अंकातील पात्राला पहिल्या अंकात बोलाविणे होय. तिची खरी महत्ता सूर्यास्ताची आहे, आणि सूर्यास्तालाही गांभीर्य असते.

मात्र ही टीका करताना आपलेही माप आपण पदरात घ्यावे. पोर्तुगालने २९ वर्षे चिखलात पडलेला सांगाडा उचलला. आपण काय केले? डिसेंबर १९६१ मध्ये गोमंतकाच्या सागरात पहारा देणारी ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये ते संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. ज्याने आपली नौका भंगाराच्या तराजूत घातली त्याने दुसऱ्याच्या जीर्णोद्धारावर बोलावे, पण आवाज जरा खाली ठेवून.

तरीही एक पाठ असा आहे की तो लिस्बनहून लिहिला जाणार नाही. तो दमणात आणि गोव्यातच लिहिला गेला पाहिजे. यादो सेमोजी हे नाव पोर्तुगीज लेखणीतून उतरलेले आहे. त्यामागे दमणच्या घरात कोणता उच्चार होता, त्याच्या हाताखाली सागाचे ओंडके ताशणारे कोण होते, नगर हवेलीच्या रानातून ते ओंडके कोणी ओढून आणले, ही माणसे पुतळ्यांत असण्याचे कारण नाही. कारण पुतळे प्रवासाचे आहेत, बांधणीचे नाहीत. पण पणजीच्या पुराभिलेखागारातील दफ्तरे आपल्या हाताशी आहेत, आणि ती वाचू शकणारी पोर्तुगीज जाणती पिढी झपाट्याने विरळ होत आहे. काशिल्हशची नौका आणखी शंभर वर्षे टिकेल, याची तजवीज तिच्या रक्षकांनी केली आहे. तिच्या कर्त्यांची नावे टिकविण्याची तजवीज मात्र आपल्याकडेच बाकी आहे.