हेराचं नाव आणि आपलं आडनाव

विज्ञानकथेतल्या गुप्तहेरानं आपली खरी ओळख लपवावी की लपवू नये? हा प्रश्न टाकला की पांढरपेशा वाचक हसतो. हेर म्हटला की तो लपणारच, त्यात चर्चा कसली? त्याच्या बाजूनं त्याचं खरंच आहे. नाव लपवणं ही त्याच्यासाठी पुस्तकातली गंमत. आपल्याकडे नाव लपवणं म्हणजे भाड्याची खोली, नोकरी, पाण्याचा माठ. म्हणून हा प्रश्न मला करमणुकीचा वाटत नाही. ओळख लपवल्यानं हेराचं काय साधतं एवढंच आजवर विचारलं गेलं. लपवण्याची किंमत कोण मोजतं, हे मी विचारतो आहे.

तीन कादंबऱ्या घेऊ.

पहिली रशियातली. आर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांची, १९६४ सालची, 'हार्ड टू बी अ गॉड' या इंग्रजी नावानं जगभर गेलेली. परग्रहावर आर्कानार नावाचं राज्य आहे, तिथं अजून सरंजामशाही चालू आहे. पृथ्वीवरचा अंतोन तिथं डॉन रुमाता नावाचा उमराव बनून राहतो. कपाळावरच्या पट्टीत कॅमेरा. पाहायचं, पृथ्वीला कळवायचं, ढवळाढवळ करायची नाही, असा हुकूम. इकडं डॉन रेबाचे राखाडी शिपाई लिहिता-वाचता येणाऱ्या माणसांना हुडकून मारतायत. रुमाता त्यातल्या जमतील तेवढ्यांना सीमेपार काढतो.

आता वेष कुठला घेतला बघा. उमरावाचा. घाण उपसणाऱ्याचा नाही, कुळाचा नाही. उमरावालाच दरबारात शिरता येतं, तलवार लावता येते, हे कारण पटण्यासारखं आहे. पण वर्षानुवर्षं मालक म्हणून वावरलं की मालकपण हाडात उतरतं. भोवतालच्या माणसांची किळस आपल्या आत वाढते आहे हे रुमाताला स्वतःलाच कळतं. स्त्रुगात्स्कींनी हे झाकलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

या कादंबरीतला माझा माणूस रुमाता नाही, अराता. कुबडा, छळ सोसलेला, शेतकऱ्यांचं बंड चालवणारा. रुमाता कोण आहे हे त्याला ठाऊक आहे. तो रुमाताकडे त्याची वीज मागतो, म्हणजे पृथ्वीची हत्यारं. देत असशील तर दे, नसशील देत तर इथून जा, असा त्याचा एकूण सूर. रुमाता देत नाही. त्याचा युक्तिवाद हुशारीचा आहे: हत्यार मिळालं तर उद्या तुमच्यातलेच नवे मालक होतील. असेल. पण ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला थांबायला सांगणारा माणूस स्वतः उमरावाच्या हवेलीत झोपतो. पुढं त्याची प्रेयसी किरा मारली जाते, आणि नुसतं पाहायचा नियम त्याच घडीला मोडतो. तो तलवार उपसून निघतो, प्रेतं पाडतो. शेवटी त्याला पृथ्वीवर परत नेतात. आर्कानार मात्र तिथंच राहतं.

दुसरी कादंबरी उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंची, 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', १९६९. इथं गेन्ली आय गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावर एकटा उतरतो आणि उघड सांगतो: मी बाहेरच्या जगाचा दूत आहे. शस्त्र नाही, फौज नाही. एकट्या माणसाला कुणी आक्रमण म्हणू शकत नाही, हे त्यामागचं धोरण. लोक त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्याला छावणीत डांबतात, तरी तो आपली ओळख सोडत नाही. मला हा माणूस आवडतो.

पण आवडला म्हणून हिशेब सोडायचा नाही. गेन्लीच्या आधी त्याच्याच संघटनेची माणसं गुपचूप येऊन गेथेनवर राहून गेली होती. त्यांनी नोंदी करून नेल्या. आज गेन्ली उघडपणे उभा राहतो तो त्या चोरून नेलेल्या माहितीवर. शिवाय त्याच्यासाठी जीव जातो तो तिथल्या एस्त्रावेनचा. त्याला सरहद्दीवर गोळ्या घालतात. म्हणजे किराही स्थानिक, एस्त्रावेनही स्थानिक. बाहेरून आलेला दोन्हीकडे वाचतो. मग फरक काय? एस्त्रावेनला गेन्ली कोण आहे हे पुरतं माहीत होतं. त्यानं समजून-उमजून बाजू घेतली. किराला असं समजून ठरवायची संधी कधी मिळालीच नाही. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

तिसरी फिलिप के. डिकची 'अ स्कॅनर डार्कली', १९७७. कॅलिफोर्नियातला पोलिसांचा छुपा माणूस फ्रेड असा सूट घालतो की त्यावर हजारो चेहरे सरकत राहतात आणि खरा चेहरा दिसत नाही. हा माणूस बाहेर बॉब आर्क्टर नावानं नशेबाजांत राहतो. ऑफिसात तो कोण हे वरिष्ठालाही ठाऊक नाही, म्हणून हुकूम सुटतो: आर्क्टरवर पाळत ठेव. स्वतःवरच पाळत! नशेनं त्याच्या मेंदूचे दोन तुकडे पडतात. ज्या डोनावर त्याचा जीव आहे तीही सरकारी हेर निघते. त्याला जळू दिलं जातं ते मुद्दाम, कारण त्या ड्रगचं झाड कुठं पिकतं ते बघायला एक जळका माणूसच आत जाऊ शकतो. इथं हेर स्वतः जळून जातो, कारण तो उमराव नाही, सगळ्यात खालच्या पायरीवरचा आहे. मुखवटा त्याचा, फायदा ऑफिसचा. ऑफिसला चेहराच नाही, त्यामुळं जाब कुणाला विचारणार?

आता आपल्याकडे येतो. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं. त्या कथेतला माणूस रेल्वेत कामाला जातो आणि जात लपवून राहतो. तोही परक्याच्या वस्तीतच राहतो की. पण त्याच्या डोक्यावर यान थांबलेलं नाही, परत जायला पृथ्वी नाही. उघडा पडला की मार. त्याला सोडवायला येतो काशिनाथ सकपाळ, जो आपली जात छातीवर घेऊन फिरतो. समीक्षकांनी ही कथा वास्तववादाच्या खणात ठेवली. मी ती या तीन कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवतो, आणि शेजारी ठेवल्यावरच रुमाताचा मुखवटा किती स्वस्तातला आहे ते दिसतं.

आणखी एक गोष्ट. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. मोठ्या नावाचा दाब परीक्षकावर पडू नये म्हणून. बक्षीस मिळालं. हे सरळपणाचंच वागणं होतं. पण बघा, एक जण नाव लपवतो कारण त्या नावानं गुण जास्त पडतील. आपला पोरगा आडनाव लपवतो कारण त्यानं गुण कमी पडतील. कृती तीच, पण पहिला पुढं येऊन नाव सांगतो तेव्हा टाळ्या वाजतात. दुसऱ्यानं सांगितलं की खोलीवरचं सामान रस्त्यावर येतं.

तेव्हा माझं मत असं. हेरानं आपलं काम लपवावं, ठिकाण लपवावं, शत्रूपासून नाव लपवावं. दुबळ्यानं तर लपवावंच, त्याला सत्यवचनाचं प्रवचन कुणी देऊ नये. पण जो ताकदीच्या जागेवरून आला आहे त्यानं, ज्याचा जीव आपल्यापायी जाणार आहे त्याच्यापासून ओळख लपवू नये. लपवलीच, तर लेखकानं ती फुकटात सोडू नये. मुखवट्याचं भाडं कथेत वसूल झालं पाहिजे. रहस्यकथांच्या ढिगात ते होत नाही. तिथं वेष बदलतो, माणूस तसाच राहतो. म्हणून त्या कथा खोट्या.

आपल्या लिहित्या पोरांनी विज्ञानकथा लिहावी, असं मला वाटतं. यान, ग्रह, यंत्रं ही काही कुणाची वतनं नाहीत. लिहाल तेव्हा हेराच्या कपाळावरच्या कॅमेऱ्यातून पाहू नका. त्या कॅमेऱ्यात जो दिसतो, ज्याला न विचारता टिपलं जातं, त्या अराताच्या जागेवरून लिहा. त्याला वीज का मिळाली नाही, ते त्याच्या तोंडून अजून कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.