एका बेटाची दोन वर्णने

मुक्कामाला राहिलेल्यानेच एखाद्या स्थळाविषयी लिहावे, दिवसभराच्या सहलीला गेलेल्याने लिहू नये, असे एक मत प्रवासवर्णनांसंबंधी वारंवार ऐकू येते. बदलीच्या गावी वर्षानुवर्षे काढणाऱ्या आमच्या वाचकांस ते सुखावह वाटेल. आम्हांस मात्र ते पुरते मान्य नाही, आणि त्याचे कारण इंचकीथ हे बेट होय.

एडिंबरोच्या उत्तरेस फोर्थच्या खाडीत हे लहानसे खडकाळ बेट आहे. १८ ऑगस्ट १७७३ रोजी डॉ. सॅम्युएल जॉन्सन व जेम्स बॉसवेल स्कॉटलंडच्या प्रवासास निघाले असता, खाडी ओलांडताना जॉन्सनच्या इच्छेवरून वाटेत तेथे उतरले. त्या वेळी बेटावर मनुष्यवस्ती नव्हती; होते ते गवत, काटेरी झुडपे, काही गुरे आणि एक ओसाड किल्ला. त्याच्या एका दगडावर राणी मेरीचे नाव व १५६४ हे साल कोरलेले होते. जॉन्सनचे पुस्तक १७७५ साली निघाले. बॉसवेलचे १७८५ साली, म्हणजे जॉन्सनच्या निधनानंतर.

दोघांनी पाहिले तेच, परंतु लिहिले निराळे. बॉसवेल गुरे मोजतो. ती सोळा भरतात. काटेरी झुडपांतून राक्षसासारखी पावले टाकीत चाललेला जॉन्सन तो आपल्यापुढे उभा करतो. किल्ल्यात विहीर सापडत नाही, तेव्हा फौज पाण्यावाचून कशी राहील, विहीर असलीच पाहिजे, ती बुजली असावी, असा तर्क तो करतो. जॉन्सनही पाण्याचाच विचार करतो. झरा इतका जवळ असून तो तटाच्या आत घेतलेला नाही. त्या अर्थी हा किल्ला वेढ्यासाठी बांधलेलाच नव्हता, मूठभर शिपायांना आडोसा द्यावा एवढाच त्याचा हेतू, असे तो म्हणतो. बॉसवेल किल्ल्याचा हेतू गृहीत धरून विहीर कल्पितो. जॉन्सन विहिरीच्या अभावावरून हेतू शोधतो. कोणाचा तर्क खरा, हा प्रश्न येथे गौण आहे. ज्याला तपासणीचे टिपण लिहावे लागते, त्यास ह्या दोन रीतींतील अंतर सांगावयास नको. काही तासांच्या भेटीतही जॉन्सन त्या दगडांना प्रश्न विचारतो, म्हणून त्याचे वर्णन टिकले.

तथापि जॉन्सनचा समारोप आम्हांस उणा वाटतो. हेच बेट लंडनपासून एवढ्याच अंतरावर असते तर त्या खडकाळ जमिनीस केवढी किंमत आली असती, ह्या विचारात तो बेट सोडतो. हा बाजारभावास मारलेला टोला आहे, असे कोणी म्हणेल. असेलही, पण त्या क्षणी त्याची नजर इंचकीथवरून उडून लंडनास गेली, हे खरेच. बॉसवेलच्या पुस्तकात हीच कल्पना बोलण्याच्या ओघात येते: आपण येथे घर बांधू, धक्का करू, बाग लावू, असे जॉन्सन म्हणतो. तेथे ती लोभस वाटते, कारण तीतून माणूस दिसतो. जॉन्सनच्या गंभीर पानावर मात्र ती बेटाला परक्या मापाने मोजते.

हा दोष आमच्याही घरचा आहे. परप्रांतातील नदी पाहिली की आम्हांस कृष्णा आठवते, आणि पत्रात उतरते ती कृष्णाच. ह्याच्या उलट, ज्यांच्या डोळ्यांसमोर इंचकीथ जन्मभर होते, ते जॉन्सनचे स्कॉटिश सोबती त्या दिवसापर्यंत तेथे कधी गेलेच नव्हते, हेही जॉन्सननेच नोंदविले आहे. तेव्हा मुक्काम दीर्घ असल्याने दृष्टी येतेच असे नाही, आणि भेट अल्प असल्याने ती हरपतेच असेही नाही. तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येईल तेव्हा, ह्या गावाचे पाणी कोठून येते एवढे तरी आम्हांस सांगता यावे.