शब्द कुठे तोडावा?

नॉर्वेजियनमध्ये ओळीच्या शेवटी शब्द तोडताना दोन स्वरांमधले शेवटचे व्यंजन पुढच्या ओळीत नेतात. एवढाच नियम शिकवणे आम्हाला अपुरे वाटते. ‘हुसार्रेस्त’ म्हणजे नजरकैद. ‘हुस’ (घर) अधिक ‘आर्रेस्त’ (अटक). नियम आंधळेपणाने लावला तर ‘हु-सार-रेस्त’ होते. ‘हुसार’ म्हणजे घोडेस्वार सैनिक, ‘रेस्त’ म्हणजे उरलेला भाग! कान मात्र फसत नाही. समासात मुख्य आघात सहसा पहिल्या पदावर, इथे ‘हुस’वर पडतो, सुट्या ‘हुसार’मध्ये तो ‘सार’वर असतो. ‘रॉइकफ्रित’ म्हणजे धूम्रपानमुक्त. तेच तोडून, दोन्ही पदांवर आघात देऊन म्हटले तर अर्थ होतो, ‘खुशाल धूम्रपान करा’! म्हणून आधी विग्रह करावा, मगच व्यंजने मोजावीत.