चित्राखालची हरवलेली ओळ

साहित्याला वाहिलेल्या अंकात वैज्ञानिक चित्राचे परीक्षण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या कृतीत निवड आहे, वगळणे आहे आणि कशावर तरी मुद्दाम दिलेला भर आहे, ती माझ्या मते परीक्षणाला पात्र ठरते. अवकाशातून आलेल्या चित्रांत हे तिन्ही असते.

नेपच्यूनचे सर्वपरिचित चित्र घ्या. व्हॉयेजर-२ हे अमेरिकी यान जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले. तेव्हापासून युरेनस फिकट हिरवट-निळा आणि नेपच्यून गर्द निळा, असे पुस्तकांत ठरूनच गेले. आमच्या शाळेतल्या तक्त्यावरही तो तसाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्डचे पॅट्रिक आयर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीच्या नोंदी वापरून या रंगांचा हिशेब नव्याने मांडला. दोन्ही ग्रह जवळजवळ एकाच फिकट हिरवट-निळ्या छटेचे निघाले. नेपच्यून किंचित अधिक निळा आहे इतकेच, कारण त्याच्यावरचा धुरकट थर पातळ आहे.

मग १९८९ चे चित्र खोटे होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. यानाचा कॅमेरा वेगवेगळ्या फिल्टरमधून करड्या छटांची चित्रे घेई आणि ती पृथ्वीवर एकत्र करून रंगीत चित्र तयार होई. नेपच्यूनवरचे ढग, पट्टे आणि काळसर डाग स्पष्ट दिसावेत म्हणून छटांमधला फरक वाढवण्यात आला. चित्रासोबतच्या ओळीत तसे नमूदही केले होते. पुढे चित्र जगभर फिरले आणि ती ओळ मात्र मागे राहिली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. मार्च १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए उपग्रह अवकाशात गेला. अशा उपग्रहांच्या चित्रांत जंगल बहुधा लालभडक दिसते. निरोगी पाने डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात, आणि तो प्रकाश लाल रंगात दाखवण्याची रीत आहे. येथे कोणी फसत नाही. लाल रान पाहताच शाळकरी पोरही विचारते, ‘सर, हे असं का?’ नेपच्यूनच्या निळ्याबद्दल हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो निळा पटण्याजोगा होता. उघड खोट्या रंगापेक्षा पटण्याजोग्या रंगाने अधिक दिशाभूल केली, असा माझा निष्कर्ष आहे.

तिसरा प्रकार नुसत्या आकड्यांना रंग देण्याचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेले एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे चित्र १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरींवरून बनले. त्यातले नारिंगी कडे म्हणजे केवळ तीव्रतेची मोजणी. नारिंगी ही माणसाची निवड. अशा कामात इंद्रधनुष्याचे सगळे रंग वापरले, तर पिवळा पट्टा उगाच उठून दिसतो आणि आकडे सावकाश बदलत असताना डोळ्यांना तेथे सीमारेषा भासते. हा मात्र मी दोषच मानतो.

दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या मुलखाला हा प्रश्न परका नाही. कन्नड कादंबरी मराठीत आली तर आपण तिचे स्वागतच करतो. पण अनुवादकाचे नाव गाळून कोणी ती मूळ मराठी म्हणून छापली, तर आपण गप्प बसणार नाही. डोळ्यांना न दिसणारे दाखवणारे चित्रही अनुवादच आहे. तक्ते आणि पाठ्यपुस्तके छापणाऱ्यांनी कोणता प्रकाश कोणत्या रंगात दाखवला आणि कशासाठी, हे एका ओळीत सांगितलेच पाहिजे. ती ओळ छापलेली नसेल, तर शिक्षकाने ती फळ्यावर लिहावी. त्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.