‘घरीच असते’ : एका नोंदीची चिकित्सा

पालीत बल्लाळेश्वराच्या देवळाकडे जाताना पापड, मिरगुंड, कुरडया मांडलेली दुकाने लागतात. आमच्या आळीतल्या कितीतरी बायकांनी असा माल घरी बसून करून दिला आहे. त्यांना ‘काय करता?’ म्हणून विचारले, तर ‘काही नाही, घरीच असते,’ हे उत्तर ठरलेले. माझी आईही आयुष्यभर हेच सांगत आली. हे उत्तर शिकवलेले आहे, असे माझे मत आहे. शिकवणाऱ्यांत सरकारी शिरगणतीही येते.

जनगणनेच्या व्याख्येत घरापुरते दूध काढणारी व्यक्ती ‘काम करणारी’ ठरते. तेच दूध तापवून मुलांना देणारी ठरत नाही. २००१च्या गणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कडक शब्दांत नापसंती नोंदवली. इकडे सरकारचीच २०२४ची वेळवापर पाहणी सांगते, की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८.

न्यायालयांनी या कामाला किंमत दिली, पण कधी? लता वाधवा खटल्यात २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले गेले, ते जळून मेलेल्या स्त्रियांच्या वारसांना भरपाई देताना. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्याच्या एक-तृतीयांश धरत. म्हणजे पोळ्या तेवढ्याच लाटल्या, तरी शिपायाच्या बायकोचे मोल कमी आणि साहेबाच्या बायकोचे जास्त!

यावर विचारतात, ‘हप्ते एकट्या नवऱ्याने फेडायचे, त्याचे काय?’ प्रश्न खोटा नाही. एकट्याच्या पगारावर घर ओढताना माझे वडील थकलेले मी पाहिले आहेत. पण आमच्या घराच्या पायात आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत. घर मात्र वडिलांच्याच नावावर. वडील आजारी पडले तेव्हा खाते त्यांच्या एकट्याचे म्हणून आईला औषधापुरतेही पैसे काढता आले नाहीत. जबाबदारी दोघांनी वाटून घेतली होती. मालकी तेवढी वाटायची राहिली.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हे दुखणे नेमके ओळखले होते. १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक आली : बायकोच्या नावे जमीन करा. ते नवऱ्याच्या मर्जीवर सोडले, ही तिची उणीव. तरी बाईला मखरात बसवण्यापेक्षा सातबाऱ्यावर आणणे तिला महत्त्वाचे वाटले. आज ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये बाईच्या खात्यात येतात, तेही हवेतच. पण ते सरकार देते. घरातला हिशेब तसाच राहतो.

दुखण्यातून उठल्यावर वडिलांनी बँकेच्या खात्यावर आईचे नाव घातले. घराच्या उताऱ्यावर अजून नाही. विचारले, तर आई म्हणते, ‘आता कशाला?’

हे उत्तरही शिकवलेलेच.