बोलण्यांतील ओवी व पोथींतील ओवी

जुन्या मराठी पोथ्यांचा पाठ ठरवितांना दोन कसोट्या वारंवार लावल्या जातात. चरणांची अक्षरें कमीजास्त भरलीं कीं पाठ भ्रष्ट मानावयाचा, आणि ओवी कानास सफाईदार लागली कीं ती मूळ कवीची समजावयाची. या दोन्ही कसोट्या आम्हांस लंगड्या वाटतात. ओवीचा उगम पंडितांच्या छंदःशास्त्रांत नसून लोकांच्या बोलण्यांत आहे, ही गोष्ट त्यांत विसरली जाते.

नित्याचें मराठी संभाषण लक्ष देऊन ऐकावें. शेजारीपाजारी, गोडधोड, उरलेंसुरलें, अघळपघळ अशा जोडशब्दांवांचून घरांतलें बोलणें पुढें सरत नाहीं. 'गरज सरो, वैद्य मरो', 'आधीं पोटोबा, मग विठोबा' या म्हणी म्हणजे यमकानें बांधलेले समतोल चरणच होत. म्हण वापरणारास वृत्तांची नांवें ठाऊक नसतात. बोलणें ऐकणाराच्या मनांत ठसावें, एवढाच त्याचा हेतु असतो. उखाण्यांत पतीचें नांव घेणारी स्त्री तर त्या नांवाशीं जुळेल असें यमक ऐन पंगतींत साधते. यमक जुळविणें हें आमच्या समाजांत कवींचें राखीव कसब कधींच नव्हतें.

ओवीचा इतिहासही हेंच सांगतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासां'त, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त ओवीचें लक्षण दिलें, तें देशभाषेंत गावयाच्या तीन सप्रास खंडांचें. ग्रंथांतील ओवीचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आखूड, बहुधा यमकाविना, असतो. पण अक्षरसंख्येचा कडक नियम तिला नाहीं. मुसळाच्या ठेक्यावर एखादें 'ग' किंवा 'बाई' घालून चरण लांबवितां येतो, तोच मोकळेपणा पोथींतही उतरला आहे. तेव्हां सगळे चरण एका मापाचे करण्यासाठीं शब्द छाटणारा संपादक दोष काढीत नसून ओवीचा स्वभावच काढून टाकतो.

दुसऱ्या कसोटीचें वैगुण्य याहून घातक आहे. ज्ञानदेवांनीं शके १२१२ (इ. स. १२९०) मध्यें गीतेचा अर्थ आबालवृद्धांस कळावा म्हणून हाच छंद स्वीकारला. पण जो छंद सर्वांच्या तोंडीं आहे, त्यांत भर घालणेंही सर्वांस साधतें. एकनाथांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये, असें त्यांस बजावून सांगावें लागलें. मोहच नसता तर या निषेधाचें प्रयोजन काय? संस्कृत वृत्तांत श्लोक घुसडण्यास व्युत्पत्ति लागते. ओवी घुसडण्यास मराठी कान पुरतो. म्हणून सफाई हा अस्सलपणाचा पुरावा होऊं शकत नाहीं.

मग भिस्त कशावर ठेवावी? आमच्या मतें, परस्परांपासून स्वतंत्र अशा प्रतींच्या मेळावर, आणि त्याखालोखाल शब्दरूपांवर. यमक कोणत्याही लेखकूस साधतें. लुप्त झालेलीं विभक्तिरूपें व क्रियापदें सहसा साधत नाहींत. अर्थात् अस्सल ओवींतील जुनीं रूपेंही लेखकू नकळत बदलतो. यास्तव एकट्या रूपावरून निकाल न देतां संशयित ओवी टीपेंत जतन करावी, गाळूं नये.

यासाठीं कंठांतील ओवीचाही आधार हवा. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. त्यानंतर गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांनीं जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. पिठाच्या गिरण्यांनीं जातें बहुतेक घरांतून हटविलें आहे, त्यामुळें या नोंदींचें मोल वाढलें आहे. चरण कोठें लांबतो, कोठें तुटतो, यमक कोठें सैल पडतें, हें त्या नोंदी दाखवितात. जुन्या पोथ्यांचा संग्राहक असले संग्रह स्त्रियांचा विरंगुळा म्हणून बाजूस ठेवील, तर आपल्याच दप्तरांतील ओवी वाचण्याचें एक साधन तो आपल्या हातानें गमावील.